जिओकॅश लपवणे

जिओकॅश लपवणे : जिओकॅशिंग या छंदाची कमी दिसणारी बाजू. जीपीएसच्या मदतीने दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर जाऊन दडवलेला डबा, म्हणजेच जिओकॅश, हुडकायचा आणि आतल्या नोंदवहीत नाव लिहायचे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तो डबा कोणीतरी पदरमोड करून, जागा निवडून तिथे ठेवलेला असतो. पुष्कळ डबे शोधून झाल्यावर आपणही काही लपवावेत, म्हणजे मिळालेल्या आनंदाची परतफेड होते, असा संकेत या मंडळींत रूढ आहे. सक्ती मात्र नाही. वर्षानुवर्षे फक्त शोधणारेही खूप आहेत, आणि त्यात गैर काही नाही.

छंदाचा उगमच एका लपवण्यात आहे. नागरी वापरासाठीच्या जीपीएस संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम त्रुटी मिसळत असे. २ मे २००० रोजी ते बंद झाले आणि अचूकता सुमारे दहापट वाढली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचे स्थान इंटरनेटवर जाहीर केले. आत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू होत्या. काही घ्या, काही ठेवा, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. पहिले शोधक माइक टीग यांनी पुढे इतरांनी लपवलेल्या डब्यांची यादी ठेवायला घेतली. त्याच सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून अधिक आहेत, आणि त्यांतला जवळपास प्रत्येक डबा कुणा हौशी माणसाचा आहे.

लपवण्याआधी निदान वीसेक डबे स्वतः शोधावेत, असा सल्ला देतात. तो रास्त आहे : पावसात कोणता डबा टिकतो, कोणती जागा वाटसरूंच्या नजरेत येते, हे शोधता शोधताच कळते. संकेतस्थळाच्या नियमांनुसार जागामालकाची परवानगी घ्यावी लागते. त्याच्या खास परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरता येत नाही, खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल, अंतर लागते. शोधण्याचा अवघडपणा आणि वाटेचा खडतरपणा यांना १ ते ५ असे स्वतंत्र दर्जे द्यायचे असतात. वाटेचा दर्जा १ असेल, तर चाकाच्या खुर्चीवरून तिथे पोहोचता आले पाहिजे. स्थानाचे आकडे एकदाच घेऊन भागत नाही. दाट झाडीत किंवा उंच भिंतींजवळ संकेत भरकटतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी मोजून सरासरी काढतात. ही माहिती संकेतस्थळाचा एक स्वयंसेवक तपासनीस पाहतो आणि मगच डबा प्रसिद्ध होतो.

डब्यावर बाहेरून ‘हा जिओकॅश आहे’ अशी ओळख लिहिणे शोभेसाठी नसते. इंग्लंडमधील वेदरबी येथे २०११ मध्ये एक डबा संशयास्पद वाटला आणि बॉम्बनाशक पथकाने तो स्फोट करून उडवला.

खरी परतफेड लपवण्यात कमी आणि राखण्यात जास्त आहे. वही भिजते, पाने संपतात, झाकणाचे रबर झिजते, शोधक डबा हातभर सरकवून ठेवतो, कधी तो चोरीला जातो. शोधकाने दुरुस्तीची गरज नोंदवली की डब्याच्या मालकाने जाऊन पाहणे अपेक्षित असते. म्हणूनच सहलीला गेल्यावर दूरदेशी डबा ठेवून येणे नियमांत बसत नाही, स्थानिक माणूस देखभालीला तयार असेल तरच जमते. हरवलेल्या डब्याच्या जागी शोधकानेच परस्पर दुसरा टाकून आपला शोध नोंदवणे ही पळवाट काहींना मदत वाटते. मालकाला मात्र आपल्या जागेवर नेमके काय आहे हेच कळेनासे होते.

किती शोधल्यावर किती लपवावेत, हा जुना वाद. दहास एक असे गुणोत्तर सुचवणारे आहेत. पण हिशेब भरायला रस्त्याकडेच्या खांबांमागे टाकलेल्या डब्यांनी छंदात भर पडते, असे म्हणणे कठीण आहे. एकाच वाटेवर किमान अंतर राखून शेकडो एकसारख्या डब्या ठेवलेल्या मालिका आकडे वाढवणाऱ्यांना प्रिय आहेत, इतरांना कंटाळवाण्या वाटतात. चांगल्या डब्याची पावती वेगळ्या रीतीने मिळते : संकेतस्थळाच्या सशुल्क सदस्याला दर दहा शोधांमागे एक पसंतीगुण देता येतो, आणि हा गुण तो जपून वापरतो.

डबा ठेवणे योग्य नसते तिथे अर्थकॅशचा पर्याय आहे. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेने २००४ मध्ये सुरू केलेल्या या प्रकारात काहीच लपवत नाहीत. शोधकाने खडक किंवा भूरूप पाहून मालकाच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. प्रश्न तयार करायला भूशास्त्राचा थोडा अभ्यास लागतो, त्यामुळे हेही योगदान सोपे नाही.

देखभाल जमेनाशी झाली, तर डबा दुसऱ्या सभासदाला दत्तक देता येतो किंवा यादीतून कायमचा काढता येतो. काढल्यावर प्रत्यक्ष जाऊन तो उचलून आणणे मालकाचेच काम. न उचललेला डबा रानात कचरा म्हणून पडून राहतो.