स्वस्त डिजिटल मल्टिमीटर

व्होल्टेज, रोध आणि थोडाफार प्रवाह मोजून आकड्यांत दाखवणारे, हातात मावणारे उपकरण. बोलताना नुसता ‘मीटर’. ‘डीटी-८३०’ धाटणीचा मीटर २००-३०० रुपयांत मिळतो. पडद्यावर जास्तीत जास्त १९९९ हा आकडा उमटतो आणि रोजच्या कामाला त्याचे मोजमाप पुरते. काटकसर केलेली असते ती सुरक्षिततेत.

मराठवाड्यात त्याचे मोठे काम बोअरच्या स्टार्टरपेटीपाशी. बीड, लातूर, धाराशिवकडे बोअर खोल. मोटार वर काढायची तर माणसे, गाडी आणि अख्खा दिवस जातो, म्हणून आधी वरूनच तपासणी होते. मोटार बंद ठेवून मेन स्विचवर फेजांच्या तिन्ही जोड्या मोजाव्यात. प्रत्येकीत ४१५ व्होल्टच्या आसपास हवेत. मोटार चालू असताना मोजले, तर गेलेल्या फेजवर मोटारच व्होल्टेज उभे करते आणि सारे ठीक दिसते. उलट, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजपेटीत) फ्यूज उडालेली तारही शेजारच्या तारांमुळे फसवे व्होल्टेज दाखवते, कारण मीटर स्वतः जवळजवळ प्रवाहच घेत नाही. अशा वेळी जुन्या वायरमनचे सिरीजमध्ये जोडलेले दोन सारखे बल्ब जास्त खरे बोलतात. (एकटा बल्ब दोन फेजांवर लावला तर उडतो.)

वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) तपासताना मेन बंद करून केबल स्टार्टरपासून सोडवावी. तीन तारांच्या मोटारीत तिन्ही जोड्यांचा रोध सारखा हवा. तो काही ओहमच असतो, म्हणून मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा. तार आणि अर्थ यांच्यात शून्याजवळचा आकडा आला, तर मोटार किंवा केबल बॉडीला लागली हे पक्के. काहीच आले नाही, तर मात्र मोटार चांगली असे ठरत नाही. रोध मोजताना मीटर अवघे २-३ व्होल्ट लावतो. इन्सुलेशनमध्ये शिरलेली ओल ५०० व्होल्टच्या मेगरलाच (इन्सुलेशन तपासायच्या उपकरणालाच) सापडते. या एका गैरसमजापायी पुष्कळ बिघडलेल्या मोटारी परत बोअरमध्ये सोडल्या जातात.

१० अँपिअरच्या जॅकला (पिन खोचायच्या भोकाला) स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूज नसतो, तसे शेजारी छापलेलेही असते. लाल पिन तिथे विसरून फेजवर टेकवली, तर ती सरळ शॉर्ट ठरते आणि मीटर हातातच फुटू शकतो. मोटारीचा प्रवाह मोजायला टाँग टेस्टरच (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) घ्यावा. स्टार्टरपेटीसाठी मीटर घेताना दोन्ही जॅकना सिरॅमिक फ्यूज, ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ ही सुरक्षेची श्रेणी आणि जाड आवरणाच्या पिना पाहाव्यात. नुसत्या छापलेल्या ‘१००० व्होल्ट’वर भुलू नये. सौर पंपाच्या पॅनेलमाळेत शेकडो व्होल्ट डीसी असते आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. तिथे २०० रुपयांचा मीटर नेऊच नये.

बॅटरी उतरली की आकडे चुकतात. पिनेची तार मुळाशी तुटते. मीटर वेड्यासारखा वागू लागला, की आधी पिना एकमेकींना टेकवून बझर वाजतो का ते ऐकावे.