मारुती ८०० मध्ये मोठं इंजिन बसवायचंय? आधी आरसी बुक उघडा

मामांची १९८७ ची मारुती ८०० आमच्याकडे आली तेव्हा ती दादरच्या चाळीत सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. सुरू झाली, पण मागून निळा धूर. मेकॅनिकने पहिल्याच दिवशी सुचवलं, "कुर्ल्याहून मारुती झेनचं इंजिन आणतो, गिअरबॉक्ससकट बसवून देतो. गाडी पळेल बघा." मोह पडण्यासारखंच होतं. सुझुकीच्या जपानी अल्टोवर बेतलेली ही गाडी वजनाला साडेसहाशे किलोच्या आसपास. तिचं मूळ इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. झेनचं चार सिलिंडरचं, ९९३ सीसी. मेकॅनिक म्हणतो ते हाताने होतंही. कागदावर मात्र होत नाही, आणि मुंबईत गाडी चालवायची तर कागद लागतोच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो तशी घनक्षमता, म्हणजे सीसीही असते. ७९६ च्या जागी ९९३ आलं की तो तपशील मूळ तपशिलाशी फारकत घेतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आरटीओत ओळख आहे, चढवून घेऊ" असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. ज्या नोंदीला कायद्यात जागाच नाही ती उद्या नूतनीकरणाच्या वेळी उघडी पडते, आणि तेव्हा तो ओळखीचा माणूस जवळ नसतो.

मग करता काय येतं? त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवून त्याची नोंद घेता येते. गोंधळ होतो तो 'त्याच प्रकारचं' या शब्दांवर. सीसी सारखा म्हणजे प्रकार सारखा, असं नव्हे. नंतरच्या अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीचंच, पण बारा व्हॉल्व्हचं आणि एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं. आपल्या जुन्या ८०० चं कार्ब्युरेटरचं, सहा व्हॉल्व्हचं. ओम्नीचं इंजिन याच घराण्यातलं, पण तिथे ते लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. म्हणून जुन्या ८०० साठी जुन्या ८०० चंच इंजिन शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही मिळतं. आणि इंजिन उतरवण्याआधी आरटीओची मंजुरी घ्या. क्रम उलटा झाला, म्हणजे मंजुरीविना बदल होऊन बसला, तर तो चौदा दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

अर्ज कुणी करायचा? आरसीवर ज्याचं नाव, त्यानेच. आमची गाडी मामांच्याच नावावर होती, म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून आधी ती आईच्या नावावर केली, मगच इंजिनाचा अर्ज. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती लागते. जुन्या गाड्यांवर बोजा फेडलेला असतो पण आरसीवरून उतरवलेला नसतो. तो फॉर्म ३५ भरून आधी उतरवून घ्या.

कागदांमध्ये मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा) लागतो. ही बाजू सरळ आहे. खरी परीक्षा नव्या इंजिनाच्या कागदांची. ज्या गाडीतून इंजिन आलं तिची आरसी रद्द झाल्याचा किंवा ती रीतसर भंगारात गेल्याचा पुरावा हवा. बिल हवं, आणि त्या बिलावर इंजिन नंबर हवा. आमचा पहिला अर्ज इथेच परत आला. बिलावर फक्त 'एक जुने इंजिन' एवढंच लिहिलेलं. दुकानदाराकडून नंबर टाकून बिल पुन्हा आणेपर्यंत तीन आठवडे गेले. इंजिन चोरीच्या गाडीचं तर नाही, हेही तपासून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत चोरीच्या गाड्यांची पडताळणी होते. तो रिपोर्ट अर्जाला जोडला की पुढचे अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

अर्ज परिवहन पोर्टलवर होतो. महाराष्ट्र, मग आपलं आरटीओ निवडायचं: ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून वाहनातील बदलाची सेवा घ्यायची, फी तिथेच भरायची आणि तपासणीची वेळ घ्यायची. १९८९ च्या आधीच्या जुन्या मालिकेचा नंबर असेल तर बऱ्याचदा गाडी पोर्टलवर सापडतच नाही. मूळ आरसी घेऊन आरटीओत जा आणि आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची पोर्टलवर भरणी, करून घ्या. मोबाइल नंबरही तेव्हाच जोडून घ्या, नाहीतर ओटीपी कुणा तिसऱ्याच्याच फोनवर जातो. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी लागते, ती नसेल तर काम तिथेच थांबतं.

तपासणीला मोटार वाहन निरीक्षक इंजिन नंबर डोळ्यांनी बघतो. आदल्या संध्याकाळी मी ब्लॉकवरची तेलकट काजळी रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली, कोरलेल्या आकड्यांवर खडूची पूड घासली, तेव्हा कुठे नंबर पांढराशुभ्र उठून दिसला. वायर ब्रश जोरात मारू नका. आकडा पुसट झाला की खाडाखोडीचा संशय येतो, आणि मग प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

आधीच्या मालकानेच झेनचं इंजिन बसवलेली गाडी घेतली असेल तर? ते तसंच ठेवून नियमित करून घ्यायची वाट नाही. ८०० चं मूळ प्रकारचं इंजिन पुन्हा बसवा, त्याचे कागद जमवा, मग अर्ज करा. खर्चिक आहे, मान्य. पण पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावी लागते. वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ पासून त्याची फी दहा हजार, वर पर्यावरण कर. तेव्हा बॉनेट उघडलं जाणारच.

मोठ्या इंजिनाचा अजून एक तोटा, जो विचार करण्यासारखा आहे. २०२१ च्या विंटेज नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल झालेला नसेल तरच. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे २०३३ अखेरपासून या गाड्या त्या रांगेत येतील. आमची २०३७ मध्ये. गेलेली ताकद परत आणायची असेल तर मूळ ब्लॉक रीबोअर करा, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून किंचित मोठे करून घ्या, त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन घाला, कार्ब्युरेटर नीट लावून घ्या. इंजिन नंबर तोच राहतो, आणि मरीन ड्राइव्हवर ती आजही मजेत चालते. सीएनजी किंवा बॅटरीचं रूपांतर कायद्यात बसतं, मात्र त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलं किटच हवं आणि ते अधिकृत केंद्रातच बसवलेलं हवं.

नोंद झाली की दोन-तीन दिवसांनी एमपरिवहन ॲपवर इंजिन नंबर अक्षर-अक्षर जुळवून बघा. बी आणि आठ, ओ आणि शून्य यांची अदलाबदल नेहमी होते. मग तीच नवी आरसी विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत दुरुस्ती मागा. अपघातानंतर येणारा सर्व्हेअरही सगळ्यात आधी तोच नंबर बघतो.