वेगाची उंची

ताशी ७२ किलोमीटर वेगाने रस्त्यावरून जाणारी गाडी किती उंचावर असते? प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याला नेमकं उत्तर आहे. सुमारे २० मीटर, म्हणजे साधारण सहा-सात मजले. तेवढ्या उंचीवरून गाडी नुसती सोडून दिली, तर जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास भरेल. वर टांगलेल्या गाडीची स्थितिज ऊर्जा आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सारखीच. पण सहाव्या मजल्याच्या कठड्यावरून खाली वाकून पाहिलं की पोटात गोळा येतो आणि धावत्या गाडीत मात्र आपण निवांत डुलकी काढतो. उंचीची भीती सहज वाटते, वेगाची वाटत नाही. म्हणून मला वेग उंचीत मोजून पाहायची सवय लागली आहे.

हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर हिशेब सोपा आहे. ५ मीटरवरून पडलेली वस्तू खाली येईपर्यंत ताशी ३६ किलोमीटर वेग गाठते. ७२चा वेग हवा असेल तर १० मीटर पुरत नाहीत, २० लागतात. १०८ हवा असेल तर ४५. वेग दुप्पट झाला की उंची चौपट, तिप्पट झाला की नऊपट. वस्तू हलकी की जड, याने यात काहीच फरक पडत नाही. वस्तुमान वाढलं की दोन्ही ऊर्जा सारख्याच प्रमाणात वाढतात.

म्हणजे उंची वेगाच्या वर्गाने (वेग गुणिले वेग) वाढते. हा वर्ग कुठून आला? गतिज ऊर्जेचं सूत्र (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) पाठ असलेल्यांनाही हे बहुधा सांगता येत नाही, आणि खरी गंमत तर इथेच आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला सारखाच वाढतो, सेकंदाला सुमारे १० मीटरने. पण वस्तू पहिल्या सेकंदात ५ मीटर पडते आणि तिसऱ्या सेकंदात तब्बल २५, कारण तोवर ती बरीच वेगात आलेली असते. ऊर्जा किती मिळाली हे बल किती वेळ लागलं यावर ठरत नाही, ते लावून वस्तू किती अंतर नेली यावर ठरतं. म्हणजे वेगातली वाढ तेवढीच, पण तिसऱ्या सेकंदात तिच्यासाठी पहिल्या सेकंदाच्या पाचपट ऊर्जा लागली.

हे आज सरळ वाटतं, पण त्यावरून युरोपात कित्येक दशकं वाद चालला. हलणाऱ्या वस्तूचा जोर मोजायचा कसा? वस्तुमान गुणिले वेग, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या अनुयायांचं म्हणणं. १६८६ मध्ये जर्मन गणितज्ञ लायब्निझने वेगाच्या वर्गाची बाजू मांडली. पुढे नेदरलँड्समधल्या विलेम स्ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीवर सोडले आणि पडलेले खळगे मोजले. दुप्पट वेगाने आलेल्या गोळ्याचा खळगा दुप्पट नव्हे, चौपट निघाला. स्ग्रावेसांडे आधी लायब्निझच्या विरुद्ध मताचे होते. मातीने दिलेला कौल पाहून त्यांनी आपलं मत बदललं. फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात हीच बाजू ठामपणे मांडली. स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद असलेल्या काळात त्यांनी हे काम केलं, आणि त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसतं हे मला आजही कळत नाही. सूत्रातला ‘अर्धा’ मात्र बराच उशिरा, १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसच्या लेखनातून रुळला.

मातीतला तो खळगा आज रस्त्यावर दिसतो. दोन सारख्या गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० ने, दुसरी ७० ने. समोर भिंत आहे. दोघांनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक दाबला. ५० वाली भिंतीला टेकता टेकता थांबली. दुसरी कितीच्या वेगाने धडकेल? बहुतेकजण २० म्हणतात. आता वर्गाचा हिशेब करू. ५० चा वर्ग २५००. तेवढ्या अंतरात ब्रेकने जिरवली ती एवढीच ऊर्जा. ७० चा वर्ग ४९००. त्यातून २५०० गेले, उरले २४००, आणि त्याचं वर्गमूळ ४९. दुसरी गाडी जवळजवळ ताशी ४९ च्या वेगाने भिंतीवर आदळते! उंचीच्या भाषेत ५० चा वेग म्हणजे १० मीटरला थोडी कमी, तर ७० चा म्हणजे १९ मीटरच्या वर. वरचे २० किलोमीटर पहिल्या ५० इतकेच महाग पडतात. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या क्षणात वेगवान गाडी आणखी पुढे गेलेली असते, तो भाग यात धरलेलाच नाही.

वेगाची उंची करणारा खेळही आहे, बांबूउडी. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूची गतिज ऊर्जा त्याला साधारण ५ मीटर वर नेऊ शकते. त्याचा गुरुत्वमध्य (शरीराचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू) आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो. बेरीज ६ मीटर. १९८५ मध्ये सर्गेई बुबका ६ मीटर ओलांडणारा पहिला खेळाडू ठरला, आणि त्यानंतरच्या चार दशकांत विक्रम सरकला तो सेंटिमीटर-सेंटिमीटरने. हातांचा जोर आणि कौशल्य यांची थोडी भर पडते, पण मुख्य भांडवल धावण्याच्या वेगाचंच.

सगळ्यात मोठा गैरसमज अंतराळाबद्दल आहे. तिथे जाणं म्हणजे खूप उंच जाणं, असं आपण धरून चालतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला जवळपास ७.७ किलोमीटर वेगाने फिरतं. एक किलो वस्तू तेवढ्या उंचीवर नुसती उचलायला सुमारे ३७ लाख जूल (जूल हे ऊर्जेचं एकक) लागतात. तिला तो वेग द्यायला जवळजवळ ३ कोटी जूल, म्हणजे उंचीच्या आठपट. नुसतं ४०० किलोमीटर वर नेऊन सोडलं तर ती वस्तू सरळ खाली पडेल. म्हणूनच रॉकेट उडाल्यावर थोड्याच वेळात आडवं झुकू लागतं; त्याचं इंधन प्रामुख्याने या आडव्या वेगावर खर्च होतं.

परतताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. इंजिन उलट्या दिशेने थोडा वेळ चालवून यानाचा वेग सेकंदाला जेमतेम शंभरेक मीटरने कमी करतात, तेवढ्याने ते वातावरणात उतरू लागतं. बाकीचं काम हवा करते. यानापुढे दाबली गेलेली हवा हजारो अंश तापून झळाळू लागते, आणि पॅराशूट उघडेपर्यंत दर किलोमागचे ते ३ कोटी जूल जवळपास सगळे उष्णता होऊन आकाशातच विरलेले असतात.