लॅन केबलमधल्या तारांना पीळ का असतो?

नेट स्लो झालं की सगळे आधी राउटरकडे बघतात, पण राउटरचं काम आपलं नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कला जोडायचं, आतल्या आत एका मशीनकडून दुसऱ्याकडे डेटा नेतो तो स्विच. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये रॉबर्ट मेटकाफनी इथरनेटची, म्हणजे जवळजवळची मशीनं केबलने जोडायच्या पद्धतीची, कल्पना मांडली तेव्हा सगळी मशीनं एकाच जाड केबलवर असायची, दोघांनी एकदम पाठवलं की सिग्नल आदळायचे आणि मग दोघंही थोडं थांबून परत पाठवायचे. नंतर आलेल्या हबमध्येही, म्हणजे आलेला डेटा सगळ्याच मशीनांना पाठवणाऱ्या डब्यामध्येही, तीच बोंब. स्विचने हे मिटवलं, कुठल्या पोर्टवर (केबल लावायच्या खाचेवर) कुठला मॅक अॅड्रेस (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आहे हे तो येणाऱ्या डेटावरून स्वतःच शिकतो आणि ज्याचं त्यालाच देतो, पत्ता माहीत नसेल किंवा डेटा सगळ्यांसाठीच असेल तेव्हाच सगळीकडे पाठवतो.

पण खरी कमाल केबलची आहे आणि तिच्याकडेच कोणी बघत नाही. सोलली की आत आठ तारा, नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल सुलटा जातो, दुसरीवर तोच उलटा. शेजारून लाईटची वायर गेलेली असली तर पिळामुळे दोन्ही तारा आलटून पालटून तिच्याजवळ येतात, म्हणजे खरखर दोन्हीत सारखीच घुसते, आणि पलीकडचं मशीन फक्त दोघींमधला फरक मोजतं त्यामुळे ती वजाबाकीत उडून जाते! चारही जोड्यांचा पीळ कमीजास्त ठेवतात तोही मुद्दाम, नाहीतर एकीचा सिग्नल दुसरीत उतरेल. म्हणून केबलच्या टोकाला कनेक्टर क्रिम्प करताना (दाबून बसवताना) पीळ साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका, आणि एक केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नका.

अजून एक, १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) मात्र चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी तार आत तुटली तर बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, लिंक, म्हणजे केबलच्या दोन टोकांमधलं कनेक्शन, गुपचूप १०० वर उतरते आणि आपण उगाच कंपनीला फोन करत बसतो. आधी नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे असून तिथे १०० दिसत असेल तर पहिली केबल बदला.