माथेरान : पर्यटननगरीचे नियोजन

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातले, सुमारे ८०० मीटर उंचीवरचे गिरिस्थान. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये येथे आले आणि पुढे मुंबईकरांच्या उन्हाळी मुक्कामासाठी हे पठार वसत गेले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोट्या रुळांची गाडी वर आणली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम ४,३९३. पाणी, कचरा आणि रस्त्यांची सोय मात्र नगरपरिषदेला सुट्टीतल्या गर्दीच्या हिशेबाने करावी लागते.

येथील नियोजनाचा कणा म्हणजे मोटारबंदी. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाले आणि या बंदीला केंद्राच्या अधिसूचनेचे बळ मिळाले. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता गाड्या गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. बंदीमुळे जंगल आणि शांतता टिकली, हे मान्यच करायला हवे. पण ओझे काही नाहीसे झाले नाही. ते माणसांच्या आणि घोड्यांच्या अंगावर आले. सिलिंडर, सिमेंट, भाजी असे सारे सामान घोड्यांवरून किंवा हातगाडीने बाजारपेठेपर्यंत जाते आणि तेवढे महाग होते. पर्यटकाला गंमत वाटणारी ही पायपीट शाळेच्या मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी रोजची असते.

शार्लोट तलावाचे पाणी पुरत नाही, म्हणून उल्हास नदीचे पाणी नेरळहून पंपाने चढवले जाते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचे स्थानक) गाडी बंद असते. २०१९ च्या पावसात खचलेला हा मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

सर्वाधिक वाद ई-रिक्षा आणि रस्त्यावर बसवायच्या पेव्हर ब्लॉकवरून झाला. जांभ्याची लाल माती पावसात वाहून जाते, उन्हाळ्यात तिची धूळ उडते, त्यावर उपाय म्हणून ब्लॉक पुढे आले. ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार. ई-रिक्षा आली तर धंदा बसेल, ही त्यांची भीतीही उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानवी ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना भाड्याने ई-रिक्षा देण्याचा आदेश झाला. पेव्हर ब्लॉकना दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर मुभा मिळाली, तीही खाली काँक्रीट न घालता. आतल्या वाटा मातीच्याच राहणार आहेत.