दहशतवाद्यांची मालमत्ता गोठवणे

परदेशातून सूत्रे हलणाऱ्या किंवा परदेशातून पैसा मिळणाऱ्या दहशतवादी व्यक्ती व संघटनांच्या ठेवी, निधी आणि इतर मालमत्तेचे व्यवहार थांबवण्याची सरकारी कारवाई. गोठवणे म्हणजे जप्ती नव्हे. मालकी बदलत नाही. मालमत्ता विकता, हलवता किंवा गहाण टाकता येत नाही. खात्यावर व्याज जमा होते, पण तेही तिथेच अडकते.

कारवाईला दोन आधार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १२६७ (१९९९) मधून पुढे विकसित झालेल्या यादीतली नावे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक असतात. ठराव १३७३ (२००१) नुसार प्रत्येक देशाला स्वतःची यादीही करावी लागते. पहिल्या यादीसाठी सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीच्या पंधराही सदस्यांची सहमती लागते, त्यामुळे एका देशाच्या हरकतीने प्रस्ताव वर्षानुवर्षे रखडतो. जैश-ए-महंमद या पाकिस्तानातील दहशतवादी संघटनेचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव चीनने हरकत मागे घेतल्यावर १ मे २०१९ रोजी यादीत आले. प्रस्ताव असा रखडलेला असताना राष्ट्रीय यादीच कामाला येते.

नाव जाहीर होताच बँकांनी खातेदारांची नावे ताडून, पूर्वसूचना न देता व्यवहार रोखायचे आणि सरकारला कळवायचे. काळा पैसा व दहशतवादाचा निधी रोखण्यासाठीच्या वित्तीय कृती दल (एफएटीएफ) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषांत हे काम काही तासांत होणे अपेक्षित आहे. इथे एक दिवस गेला, तर गोठवायला रिकामे खातेच उरते.

घाईत चूक होते ती ओळख पटवण्यात. एकच अरबी नाव रोमन लिपीत पाच-सहा प्रकारे लिहिले जाते, आणि त्याच नावाची निरपराध माणसे शेकड्यांनी असतात. म्हणून जन्मतारीख, वडिलांचे नाव, पारपत्र क्रमांक यांविना निघालेली यादी जवळजवळ निरुपयोगी ठरते. उलट बाजूने, बंदी आलेली संघटना धर्मादाय संस्थेच्या नव्या पाटीखाली पुन्हा उभी राहते. त्यामुळे कागदावरच्या संचालकापेक्षा पैशाचा खरा लाभार्थी शोधावा लागतो. हवाल्याने फिरणारा पैसा या जाळ्यात क्वचितच सापडतो.

न्यायाची बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली. कारणे न सांगता, बाजू न ऐकता मालमत्ता गोठवल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २००८ साली यादीत नाव आलेले सौदी उद्योजक यासिन कादी यांच्या खटल्यात युरोपीय संघाची अंमलबजावणी रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी ठराव १९०४ ने यादीतून नाव वगळण्याचे अर्ज तपासण्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमण्याची तरतूद केली. अन्न, घरभाडे, औषधोपचार यांपुरती रक्कम सोडण्याची मुभा २००२ पासूनच आहे.