अपीलकाळातील स्थगिती (दिवाणी)

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध (डिक्री, म्हणजे दाव्याचा औपचारिक निकाल) अथवा आदेशाविरुद्ध वरच्या न्यायालयात अपील चालू असताना त्याची अंमलबजावणी, किंवा खालच्या न्यायालयातील पुढचे कामकाज, थांबवणारा आदेश. कोर्टाच्या आवारात त्याला सरसकट ‘स्टे’ म्हणतात. भारतात हा अधिकार मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम ५ मधून येतो.

या नियमाची सुरुवातच नकाराने होते : नुसते अपील दाखल केल्याने काहीही थांबत नाही. ‘अपील टाकलंय, आता कोण हात लावतो’ ही पक्षकारांची समजूत जुनी आहे आणि ती महागात पडते. अपिलाला नंबर पडला, नोटिसा निघाल्या, तरी स्थगितीचा वेगळा अर्ज मंजूर होईपर्यंत डिक्रीदाराला, म्हणजे हुकूमनामा जिंकलेल्या पक्षाला, दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून कब्जा वॉरंट, म्हणजे ताबा घेण्याचा आदेश, काढता येते. उच्च न्यायालयातील पुनरीक्षण अर्जाचेही (खालच्या न्यायालयाचा आदेश तपासून पाहण्याच्या अर्जाचेही) तेच. तो दाखल झाला म्हणून दावा थांबत नाही, हे संहितेच्या कलम ११५ मध्येच लिहिलेले आहे.

पहिली स्थगिती बहुधा निकाल देणाऱ्या न्यायालयाकडूनच मागितली जाते. निकाल जाहीर होताच हरलेल्या पक्षाचा वकील उभा राहून अपिलाच्या मुदतीपुरती अंमलबजावणी थांबवण्याची विनंती करतो. ही मुदत जिल्हा न्यायालयासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयासाठी ९० दिवस. नियम ५ चा दुसरा पोटनियम अशा तात्पुरत्या स्थगितीची सोय करतो. त्यानंतर मात्र अपील न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : स्थगिती न मिळाल्यास मोठे नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर केलेला नाही, आणि अपील फेटाळले गेले तर हुकूमनामा पाळण्याची हमी म्हणून तारण दिले आहे. अपीलच मुदतीनंतर दाखल झाले असेल, तर ते सुनावणीला घ्यायचे की नाही हे ठरेपर्यंत स्थगिती देता येत नाही. विरुद्ध बाजूने आधीच कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा अर्ज) दाखल केले असेल, तर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

खरी झुंज अटींवरच होते. पैशाच्या हुकूमनाम्यात अपील न्यायालय रक्कम जमा करायला किंवा तारण द्यायला सांगते आणि अपिलार्थीने ते केले नाही, तर स्थगिती मिळत नाही. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगली ओळखीची. तिथे शासन अपिलात जाते, न्यायालय रक्कम भरायला लावते आणि शेतकऱ्याला तिचा काही हिस्सा हमीवर उचलता येतो. संहितेतील आदेश २७, नियम ८अ सरकारकडून तारण मागू नये असे सांगतो. पण लवादाच्या (पक्षांनी न्यायालयाबाहेर नेमलेल्या पंचाच्या) निवाड्याला स्थगिती देताना सरकारला वेगळी वागणूक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पश्चिम बंगालच्या प्रकरणात स्पष्ट केले.

घर-दुकान खाली करून देण्याच्या हुकूमनाम्यांत सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आत्माराम प्रॉपर्टीजचा निकाल फार उद्धृत होतो. दिल्लीतील त्या जागेचे भाडे महिना ३७१ रुपये ९० पैसे होते. अपील न्यायाधिकरणाने स्थगिती देताना महिना १५,००० रुपये भरण्याची अट घातली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. हुकूमनामा झाल्यावर भाडेकरू जुन्या भाड्याच्या आड लपू शकत नाही, जागेचा बाजारभावाने मोबदला द्यावा लागतो, असा त्यामागचा विचार. पुढे २००९ मध्ये मुंबईतील एका जागेच्या वादात भाडेकरू खुद्द महाराष्ट्र शासन होते. तिथेही हेच तत्त्व लागू झाले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या अपिलात स्वस्त भाड्याने बसून राहण्याची सोय यामुळे बरीच आटली, आणि ते योग्यच झाले.

स्थगिती केव्हापासून लागू होते? मनाई हुकूम, म्हणजे एखादी गोष्ट करू नये असा आदेश, पक्षकाराला बांधतो, स्थगिती न्यायालयाला. त्यामुळे खालच्या न्यायालयाला ती कळेपर्यंत त्याने केलेली कृती वैध राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले. म्हणूनच सकाळी बेलिफ (न्यायालयाचा अंमलबजावणी करणारा कर्मचारी) वॉरंट घेऊन निघालेला असताना वरच्या कोर्टात दुपारी मिळालेला आदेश खाली पोहोचवण्यासाठी वकिलांची धावपळ उडते. प्रमाणित प्रतीची वाट पाहावी लागू नये म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने मार्ग काढला : आदेश झाल्याचे अपिलार्थीने स्वतःच्या माहितीवरून शपथपत्र दिले, तर मूळ आदेश येईपर्यंत खालच्या न्यायालयाने त्यावर विसंबायचे. शिवाय स्थगितीने हुकूमनामा पुसला जात नाही. तो जागेवरच असतो, फक्त त्याचा अंमल होत नाही.

दावा अजून संपलेला नसताना दिलेल्या आदेशांची गोष्ट थोडी वेगळी. ‘निशाणी ५’ वरील, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरील, आदेशाविरुद्ध अपील होते आणि त्याबरोबर संपूर्ण दावाच थांबवण्याची मागणीही येते. असे थांबलेले दावे वर्षानुवर्षे पडून राहतात, या चिंतेतून सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१८ मध्ये एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात सांगितले की, कारणे देऊन मुदत वाढवली नाही तर दिवाणी व फौजदारी खटल्यांवरील स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल. उपाय धडाकेबाज होता, पण न्याय्य नव्हता. उच्च न्यायालयात तारीख लागली नाही, यात पक्षकाराचा काय दोष? २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा नियम रद्द केला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिले होते.

स्थगिती नाकारली गेली आणि पुढे अपील जिंकले, तर संहितेच्या कलम १४४ खाली गेलेला ताबा, भरलेली रक्कम परत मागता येते. पाडलेले बांधकाम मात्र परत उभे राहत नाही, त्यामुळे अशा प्रकरणांत मोठ्या नुकसानीचा मुद्दा सहज पटतो. अपील खारीज झाले की स्थगितीही संपते आणि दरखास्त पुढे चालू होते. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी असलेली १२ वर्षांची मुदत मोजताना स्थगितीचा काळ वगळला जातो.